मडक्याला कोणी अर्थ विचारत नाही

चतुर्थी झाल्यावर फोंड्याहून आते दोन दिवस राहायला आली होती. आमच्या हॉलमध्ये माझा एक मोठा कॅनव्हास लावलाय, चार फूट बाय पाच, सगळा जवळजवळ काळा वाटेल असा तपकिरी आणि त्यावर वरून खाली आलेले पांढुरके ओघळ, काही मधेच अडकून जाड झालेले. आते समोर सोफ्यावर बसली, चष्मा लावला, काढला, परत लावला आणि म्हणाली, "हें कितें गो काडलां?"

म्हटलं काही नाही गं आते, असंच आहे. "असंच म्हणजे?" आता याला काय सांगणार. इतकी वर्षं पेंटिंग करतेय तरी या "असंच म्हणजे"पुढे माझी दातखीळ बसते. शेवटी तिनेच सोडवलं, म्हणाली दूधसागर. पावसातला दूधसागर. आणि एकदम खूश होऊन पाय वर घेऊन बसली. मी पण हो म्हटलं, कशाला वाद घाला.

मग चहा आणला. (मग म्हणजे नंतर, पण आणला तोही मगातच, मराठीत हा घोळ आहेच.) तर तो मगही माझ्याच हातचा, आणि त्याच्यावर तेच. म्हणजे अक्षरशः तेच, गडद तपकिरी ग्लेझ (भांड्यावर लावायचा, भाजल्यावर काचेसारखा होणारा थर) आणि त्यावर कडेवरून सुटलेले पांढरे ओघळ. आतेने तो हातात फिरवला, अंगठ्याने एक ओघळ चाचपला, जिथे तो थांबून थेंबासारखा फुगलाय तिथे, आणि म्हणाली कितलें बरें जालां! जाताना दोन मग पेपरात गुंडाळून घेऊन गेली. हे काय आहे म्हणून एकदाही विचारलं नाही.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. तोच ओघळ, तोच हात, तीच बाई बघणारी. भिंतीवर असला की त्याला उत्तर द्यावं लागतं आणि मगावर असला की त्याला सगळं माफ. आता मला वाटतं कारण सरळ आहे, मगाने उत्तर आधीच देऊन टाकलेलं असतं. काय आहे? मग आहे, चहा प्यायचा. एकदा ते सांगून झालं की अंगावर काय वाटेल ते मिरवायला तो मोकळा. आपल्याकडे लोकांना अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कळत नाही असं जे आम्ही पेंटर लोक तोंड वाकडं करून म्हणतो ना, ते मला आता पटत नाही. लोक रोज सकाळी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट हातात धरून चहा पितात आणि त्यातला कुठला जास्त छान हेही त्यांना बरोबर कळतं. फक्त भिंतीवर टांगलं की बिचकतात.

मी मूळची पेंटर. मातीत आले सहा वर्षांपूर्वी, आणि कुठल्या आतल्या ओढीने वगैरे नाही, पेंटिंग अडलं होतं म्हणून. सगळे कॅनव्हास एकमेकांसारखे व्हायला लागले होते, गुळगुळीत, हॉटेलच्या लॉबीत शोभतील असे. मैत्रीण पॉटरी शिकत होती तिच्यामागे गेले, म्हटलं चार रविवार हात मळतील. पहिले दोन महिने तर मला गोळा चाकावर सेंटरच करता आला नाही. ज्यांनी केलं नसेल त्यांना सांगते, गोळा चाकावर आपटायचा, पाणी लावायचं आणि दोन्ही हातांनी असा धरायचा की तो फिरत असूनही हलत नाहीये असं वाटलं पाहिजे. ताकद लावली की तो आपल्याला झुलवतो, ढिलं सोडलं तरी झुलवतो. कोपर मांडीला टेकवायचं, श्वास अडकवायचा नाही आणि वाट बघायची. माझे हात ब्रशचे, त्यांना मनगटातून काम करायची सवय, आणि इथे मनगट वापरलं की गेलं काम. सगळं खांद्यातून आणि पाठीतून येतं. त्या दोन महिन्यांत माझं पेंटिंग बदललं असं म्हणणार नाही, पण पाठ बदलली हे नक्की, नंतर मोठा कॅनव्हास रंगवताना मी उभीच वेगळी राहायला लागले.

पहिली भांडी केली ती मात्र पेंटरसारखीच रंगवली. एक बाजू छान कंपोज केलेली, इकडे काळा, तिकडे मोकळी जागा, कोपऱ्यात एक लाल ठिपका. आमच्या सरांनी भांडं हातात घेतलं, अर्धं फिरवलं आणि म्हणाले, "याला पाठ आहे की गं. भांड्याला पाठ नसते." झालं. दोन दिवस मी त्यावर चिडून होते. पण खरंच आहे, कॅनव्हासला चार कडा असतात आणि आपण त्या कडांशी भांडत किंवा जुळवून घेत चित्र उभं करतो, भांड्याला कडा दोनच, वरची आणि खालची, आणि बाजूने तर संपतच नाही. पूर्ण भांडं एका वेळी कोणाला दिसतच नाही, अर्धं कायम पलीकडे असतं, फिरवलं तर दिसेल. बाहेरून बघताना आतलं दिसत नाही ते वेगळंच.

अस्नोड्याला मी एक जुन्या घरातली खोली स्टुडिओ म्हणून घेतलीय, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पावसात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते. तिथून डिचोलीची बस समोरूनच जाते. डिचोली कुंभारकामासाठी जुनी ओळखीची, आणि तिथल्या एक कुंभारीण मावशी मला माती देतात, कधी पैसे घेतात, कधी नारळ. पहिल्यांदा गेले तेव्हा मोठ्या उत्साहाने माझं एक भांडं दाखवायला नेलं होतं, स्टोनवेअर म्हणजे जास्त तापमानाला भाजलेलं, निळसर ग्लेझ, मला त्याचा भलता अभिमान. मावशींनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. उलटं केलं, बोटाच्या पेराने टकटक केलं, कानाजवळ नेलं, परत टकटक, आणि विचारलं, "गळटा काय?"

नाही म्हटलं. मग ठीक आहे अशी मान हलवून परत दिलं. आतेने मगाला काही विचारलं नाही असं मी वर म्हटलं खरं, पण मडक्याला प्रश्न असतोच, फक्त वेगळा असतो. अर्थ काय हा नाही, गळतं का हा. आणि तो वाजवून विचारायचा. चांगलं भाजलेलं, चीर न गेलेलं भांडं टणटणीत वाजतं, आणि डोळ्याला न दिसणारी केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. आपल्याकडे गोरोबाकाकांची गोष्ट आहेच, थापी घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारत गेले आणि नामदेव कुरकुरले तेव्हा निकाल दिला, हे मडकं कच्चं. लहानपणी ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटायची. कुंभाराकडे जाऊन आल्यावर कळलं की तो फक्त आपलं रोजचं काम करत होता.

गोव्यात तर मडकं वाजतंच. घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं भांडंच, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, दुसऱ्या लहान तोंडावर डावा हात ठेवून आवाज कमी-जास्त करायचा. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यावर बंदी आणि आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं हेरिटेज वाद्य म्हणून जाहीर केलं. चतुर्थीला आरतीत घुमट वाजायला लागला की माझं लक्ष हल्ली आरतीवर नसतं, त्या मातीच्या भिंतीच्या जाडीवर असतं, कुंभाराने किती पातळ ओढलं असेल, कुठे जाड ठेवलं असेल. घरचे म्हणतात हिला वेड लागलंय.

तर ती डिचोलीची माती. मावशींच्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, ती विटकरी लाल होते, त्यांचा आवा नऊशेच्या आसपास जात असेल फार तर. मी शहाणी, ती माती माझ्या इलेक्ट्रिक भट्टीत १२२० डिग्रीला घातली. भांडं म्हणून गेलं आणि बाहेर आली शेल्फला चिकटलेली काळपट चॉकलेटची पोळी. आपल्या मातीत लोह भरपूर, आणि लोह नुसता रंग देत नाही, एवढ्या तापमानाला मातीला वितळायलाही मदत करतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. एक शेल्फ बाद झालं. पण छिन्नीने ती पोळी खरवडताना बघितलं तर काय सुंदर चकाकी, कडेला मधासारखी आणि मधे जवळजवळ काळी. म्हणजे ही माती या तापमानाला भांडं व्हायला नाही म्हणते पण ग्लेझ व्हायला तयार आहे. मग वाळवून, चाळून, थोडं फेल्डस्पार (ग्लेझमध्ये घालतात ते एक खनिज) घालून लावत गेले. आतेच्या मगावरचा तपकिरी रंग तोच. भिंतीवरचा तपकिरी रंगही तीच माती, फक्त तिथे अ‍ॅक्रिलिक बाइंडरमध्ये कालवलेली, आणि काळपटपणा यायला खालून एक काळा हात दिलेला. एकाच गोणीतली.

आणि खरी गंमत इथे आहे. कॅनव्हासवर जो रंग लावाल तो दिसतो, आवडला नाही तर पुसा, वरून दुसरा लावा, रात्री परत उठून बघा. ग्लेझ लावताना रंग दिसतच नाही. सगळं दुधात खडू कालवल्यासारखं, एक जरा गुलाबी, एक राखाडी, एक मातकट. कोबाल्ट कार्बोनेट बादलीत फिका जांभळट दिसतो आणि भट्टीतून कडक निळा होऊन येतो. तांबं माझ्या भट्टीत हिरवं होतं, तेच कोणी लाकडाच्या किंवा गॅसच्या भट्टीत हवा कोंडून भाजलं तर लाल होऊ शकतं. म्हणजे आपण न दिसणाऱ्या रंगाने रंगवत असतो, आठवणीवर. म्हणून टेस्ट टाइल्स करायच्या, बोटाएवढ्या, मागे नंबर खरवडलेला, आणि वहीत त्या नंबरापुढे काय किती घातलं ते. माझ्याकडे आता तीनेकशे झाल्या असतील. त्या मी स्टुडिओच्या भिंतीवर खिळ्यांना लटकवल्यात आणि स्टुडिओत येणारा प्रत्येक माणूस आधी त्या टाइल्सकडे जातो, पेंटिंगकडे नंतर, लाज वाटून.

मला वाटलं सोपं आहे, यातली एक टाइल घ्यायची आणि मोठी करून कॅनव्हासवर आणायची. ११४ नंबर निवडली, पांढरा ओघळ आणि त्याच्या कडेला गंजासारखी रेघ. तीन आठवडे रंगवलं. हुबेहूब आलं, आणि मेलेलं. एवढं मेलेलं चित्र मी कॉलेजातही काढलं नव्हतं. का मेलं ते बऱ्याच दिवसांनी कळलं, टाइलवरचा ओघळ हा खरा ओघळ आहे, काहीतरी वितळून, वजनाने खाली येऊन, थंड होऊन थांबलंय. माझ्या कॅनव्हासवर ओघळाचं चित्र होतं. म्हणजे मी अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या नावाखाली चक्क वस्तुचित्र काढत होते, समोर सफरचंद ठेवून काढतात तसं!

मग तो कॅनव्हास गेला आणि दुसऱ्यावर मी ब्रशच सोडला. उभा केला, वरच्या कडेवर मातीचं पातळ पाणी ओतलं, येऊ दे जसं येतं तसं. तेही पहिल्या फटक्यात जमलं नाही, कारण ग्लेझ भांड्यावर जे करतं त्याचं अर्धं श्रेय भांड्याच्या अंगाला असतं, कंगोरा आला की ग्लेझ पातळ होऊन खालचा रंग दिसतो, खाच आली की साचून गडद होतो. कॅनव्हासला ना कंगोरा ना खाच. म्हणून आधी पेस्टने अंग तयार करायचं, बोटांच्या रेघा, चाकावर भिंत ओढताना उठतात तशा, त्या वाळल्या की मग ओतायचं. हॉलमधला "दूधसागर" असा झालाय. आतेला ओघळ दिसले आणि तिला पाणी आठवलं यात तिचं काही चुकलं नाही खरं तर, वरून खाली पडण्याचा नियम दोन्हीकडे एकच.

चित्रकार गायतोंड्यांबद्दल न लिहून चालणार नाही, त्यांचं घराणं आपलं गोव्याचं, जन्म १९२४ चा नागपूरचा. (त्याच साली इकडे साळगावात चित्रकार सुझा जन्मले, काय साल असेल ते.) त्यांना अ‍ॅब्स्ट्रॅक्ट शब्द आवडायचा नाही, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कुठल्याच वस्तूचं नसलेलं. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ, थर लावायचा, खरवडायचा, उचलायचा, परत लावायचा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा सगळे ध्यान, झेन, मौन यावर लिहीत होते आणि ते असेलही. पण मुंबईत त्यांचं एक चित्र मी नाक लावून बघितलं, मातीत हात घालायला लागल्यानंतर, तेव्हा मला त्यात पहिल्यांदा मौन दिसलं नाही, काम दिसलं. कुठे थर ओला असताना उचललाय, कुठे वाळल्यावर, कुठे कोरडेपणाची ती मधली वेळ साधलीय जिला आम्ही लेदर हार्ड म्हणतो. ते पॉटरी करत होते असं मी म्हणत नाहीये हां. पण ज्याला ती मधली वेळ कळते तो माझ्या लेखी अर्धा कुंभार.

आणि फोन्ताना, तो इटलीचा, ज्याने कॅनव्हासला १९४९ पासून भोकं पाडली आणि १९५८ पासून सरळ ब्लेडने चिरे दिले. कॉलेजात आम्हाला हे बंड म्हणून शिकवलं होतं. तो मुळात शिल्पकार, तीसच्या दशकापासून अल्बिसोलाला मातीत काम करणारा, हे मला नंतर कळलं आणि मग ते बंड वगैरे राहिलं नाही, साधी गोष्ट वाटली. मातीत रोज हात घालणाऱ्याला पृष्ठभागाच्या मागे काहीतरी असतं हे माहीतच असतं. स्पेनच्या मीरो या चित्रकाराने आर्तिगास नावाच्या कुंभाराबरोबर पॅरिसला युनेस्कोच्या इमारतीसाठी १९५८ मध्ये सूर्य आणि चंद्राच्या दोन भिंती केल्या, त्यात सुरुवातीच्या सारख्या चौकोनी टाइल्स त्यांनी सोडून दिल्या आणि वेड्यावाकड्या आकाराच्या केल्या. भट्ट्या लावून झाल्यावर हे ठरवायचं म्हणजे किती जिवावर आलं असेल, माझं एक शेल्फ गेलं तर मी आठवडाभर जेवले नव्हते धड.

एक तक्रार करून घेते. एका गॅलरीने (नाव नको) पेंटिंग्ज घेतली आणि भांडी बघून म्हणाले ही खाली शॉपमध्ये ठेवूया. एकाच गोणीतली माती, वर गेली तर कला आणि खाली गेली तर गिफ्ट. किमतीत फरक किती ते लिहीत नाही. मला राग आला तो भांडी खाली गेली म्हणून नाही, शॉपमध्ये लोक निदान हात तरी लावतात. पेंटिंगजवळ पाटी होती, कृपया स्पर्श करू नये, आणि माझं अख्खं चित्र बोटांनी केलेलं.

सध्या माझा खेळ असा चाललाय की पेंटिंग कसं वाजवून बघायचं. म्हणजे मावशी जशा पेराने टकटक करून सांगतात तसं काहीतरी. कॅनव्हासला मागून टिचकी मारून बघितली, तो ताणलेला असला तर घुमटासारखा बोलतो पण त्यावरून चित्राचं काही कळत नाही, हे तुम्हाला आधीच माहीत असेल. सध्या त्यातल्या त्यात एक जमतंय, संध्याकाळी साडेसहानंतर दिवा न लावता बसायचं. रंग आधी जातात, लाल सगळ्यात आधी काळा होतो, आणि मग फक्त कुठे वजन आहे आणि कुठे नाही एवढंच उरतं. त्या अंधारात काही चित्रं अजून उभी असतात आणि काही चक्क बसतात. बसलेली मी भिंतीकडे तोंड करून ठेवते. गेल्या महिन्यात चार बसली. ११४ वालं तर दिवा बंद करायच्या आधीच बद्द वाजत होतं.

काल आतेचा फोन होता. एका मगाचा कान तुटला, पण टाकला नाही, त्यात पेनं ठेवलीयत आणि जोडीला अजून एक पाहिजे, शेजारणीलाही एक. कुठला गं, मी विचारलं, निळा चालेल का? तर म्हणाली नको नको, तो आपला दूधसागरवाला. म्हणजे गेलं ते नाव मगावर पण!

सांगितलं तिला दिवाळीनंतर. पाऊस अजून हटत नाहीये, पंधरा दिवसांपूर्वी ओढलेले मग अजून बुडाशी ओले आहेत, आणि परवा भट्टी सहाशेवर असताना वीज गेली ती चार तासांनी आली. आत काय झालंय ते उद्या उघडल्यावर कळेल. पणत्या पण आहेत त्यात दोन डझन.